समोरची खुर्ची

साहेबराव झोपेतच गेले तेव्हा आमचा बुद्धिबळाचा डाव अर्धाच होता, आणि खेळी माझी होती. आदल्या संध्याकाळी ते म्हणाले होते, "राहू द्या मास्तर, उद्या बघू." मी शाळेत ग्रंथपाल होतो, तरी ते मला मास्तरच म्हणत. पट त्यांच्या पुंडलिकनगरच्या घरात, पुढच्या खोलीत तसाच मांडलेला राहिला.

आता घरचे नव्या फ्लॅटमध्ये चालले होते. सामान बांधायला काढलं तेव्हा त्यांच्या सुनेनं, मेघानं, फोन करून विचारलं, पट उचलू का? मी थांब म्हणालो. अर्धा डाव डब्यात भरला जाणं मला सहन होईना.

तिथं जाऊन दुपारभर माझ्या खुर्चीत बसलो. पुढच्याच खेळीला साहेबराव मात देणार होते. राजा हलवून पाहिला, हत्ती आड घालून पाहिला. प्रत्येक वेळी नजर आधी वजिराकडे जाई, तो सुखरूप आहे ना बघायला. यावरून ते कायम चिडवत. "मास्तर, जीव जाईल तुमचा, पण वजीर नाय सुटणार."

चहा ठेवताना मेघा म्हणाली, "काका, बाबांच्या बाजूनं बघा ना एकदा."

ते गेल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. वेताला त्यांच्या वजनाचा खळगा पडलेला होता. तो मला नेमका बसला, आणि मला ते आवडलं नाही.

माझ्या बाजूनं त्यांचा राजा किल्ल्यात बसल्यासारखा दिसे. इथून तो कोंडलेला दिसत होता, आपल्याच प्याद्यांनी आणि हत्तीनं. शेजारचं एकच घर मोकळं. तिथं माझा वजीर नेऊन शह दिला, तर घोड्याचा जोर असल्यानं राजाला तो मारता येणार नाही. वजीर हत्तीलाच मारावा लागेल, आणि तेही घर बंद होईल. मग मात द्यायला घोडा पुरे.

मी हात लांबवून वजीर सरकवला. हत्तीनं तो मारला. हात माझाच होता, पण मेलेली सोंगटी साहेबरावांसारखी दोन बोटांत फिरवून मग खाली ठेवली गेली. मेघानं ते पाहिलं आणि ती आत गेली.

घोडा राहिला होता. तो तरी माझ्या जागेवरून खेळावा म्हणून मान वर केली. माझी खुर्ची रिकामी होती. तरी तिथं कोणीतरी वाकून बसलेलं होतं, वजीर नसलेल्या घराकडे बघत. ते उठेल म्हणून मी बराच वेळ थांबलो. आत मेघा खोक्यांना चिकटपट्टी लावत होती.

शेवटी घोडा मी इथूनच हलवला.