पडद्याबाहेरचा बिंदू

"दोन," बाई पुटपुटल्या, लाल फुली मारली आणि पेपर डाव्या गठ्ठ्यावर टाकला. पुढचा उचलला. दोन. त्याच्या पुढचाही दोनच. उजवीकडे गठ्ठा नव्हता, गार झालेला चहा होता.

प्रश्न साधा होता. दोनाचा क्ष घात आणि क्षचा चौथा घात, या दोघांचे वक्र एकमेकांना किती ठिकाणी छेदतात? ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर दोन छेद दिसतात. तिसरा आहे सोळावर आणि पडदा दहावरच संपतो. पडदा संपला की जग संपलं, अशी या वर्गाची श्रद्धा. बाईंचा सापळा त्या श्रद्धेवरच लावलेला होता. प्रगत गणिताच्या तासातून ही यंत्रं हद्दपार करा, असं सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले होते, "पुरावा आणा. नाहीतर हा विषय कायमचा मिटला." पुरावा आज दुपारी द्यायचा होता, आणि तो छान जमत आला होता.

मग एका पेपरवर 'तीन' आलं.

पेपर डुलकीचा होता. शेवटच्या बाकावर बसून झोपणाऱ्या मुलीला वर्गानं दिलेलं नाव. नक्कल केली म्हणावी, तर बरोबर उत्तर दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच. बाईंनी तिला बोलावून घेतलं.

"हे तीन कुठून आणलंस गं?"

"कॅल्क्युलेटरमधून." डुलकी जरा मागे सरकली. "चुकलं का, बाई?"

"त्यात तर दोनच दिसतात."

"हो, पण तुम्ही म्हणाला होतात ना, घातांकी फलन आधी कितीही रेंगाळू दे, शेवटी सगळ्यांना मागे टाकतं. पडद्यावर तर चौथा घातच पुढे पळत होता. म्हटलं, दोनाच्या घातानं याला गाठायचं राहिलंय अजून. मग पडदा वाढवत गेले."

"मी कधी म्हणाले हे?"

"फळ्याकडे तोंड करून म्हणाला होतात. कुणाचं लक्ष नव्हतं."

"आणि तुझं होतं?"

"डोळे मिटलेले होते, बाई. कान नाही."

बाईंना हसू आलं नाही. हसायलाही थोडं बळ लागतं. त्यांनी तिला जायला सांगितलं. पेपरची घडी केली, पर्समध्ये सारली, वर चष्म्याचं घर ठेवलं आणि चेन ओढली.

मुख्याध्यापकांनी गठ्ठा भराभर चाळला. "दोन, दोन, दोन. कमाल आहे. एकालाही पडद्यापलीकडे बघावंसं वाटलं नाही? जिंकलात, बाई. काढा अर्ज, लगेच सही करतो."

अर्ज फाइलमध्ये तयारच होता, फक्त तारीख घालायची होती. बाईंनी चष्म्यासाठी पर्स उघडली. चष्म्याचं घर वरच होतं. त्यांनी ते बाहेर काढलं. हात पुन्हा आत गेला, थोडा वेळ आतच राहिला. मग त्यांनी घडी केलेला पेपर टेबलावर ठेवला.

"हा एक राहिला."

मुख्याध्यापकांनी तो वाचला. "बरोबर आहे की. डोक्यानं काढलं हिनं?"

"डोक्यानं आणि यंत्रानं. दोन्ही मिळून."

"अहो, मग हा एवढा एक बाजूला ठेवला असतात, तर मला कुठं कळणार होतं?"

"तेच करत होते."

त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग फाइलकडे. "म्हणजे विषय मिटला?"

"मिटला," बाई म्हणाल्या आणि गठ्ठा उचलायला वाकल्या. येतानाच्या मानानं तो बराच जड वाटला.

दुसऱ्या दिवशी तासाला नेहमीसारखीच बटणांची टिकटिक चालू होती. बाईंनी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि सवयीनं फळ्यालाच सांगायला सुरुवात केली. अर्ध्या वाक्यात थांबल्या. खडू ठेवला, हात झटकले आणि वर्गाकडे वळल्या.

शेवटच्या बाकावर डुलकी हातावर डोकं टेकून होती, डोळे मिटलेले. एरवी तिकडे खडूचा तुकडा भिरकावला गेला असता.

बाईंनी वाक्य पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, या वेळी सावकाश.