परत करायची गिटार

आमच्या घरात वस्तू विकत कोणीही आणतं, परत करायला मात्र मलाच धाडतात. गळकी बादली, पहिल्याच धुण्यात आटलेला स्वेटर, एकाच पायाचे दोन बूट, सगळं मी परत करून आले आहे. मावशी म्हणायची, हिला दुकानात सोडली की दुकानदार पैसे देतो आणि वर हात जोडतो. माझा आवाजच तसा आहे. उभा जन्म मागांच्या शेडमध्ये कापड विणण्यात गेला. तिथे सगळे माग एकदम खडखडायला लागले की शेजारणीला हाक मारायलाही घसा फाडावा लागतो, नाहीतर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचं. ते ओठांचं बोलणं आम्हा सगळ्या बायकांना येतं. मुकादमाला शिव्या द्यायला फार सोयीचं.

धाकटा भाऊ माझ्या अगदी उलट. वडील त्याला कानसेन म्हणायचे. नळ गळत असला तर पलीकडच्या खोलीतून उठून यायचा. एकदा एका वाजवणाऱ्याने त्याला म्हटलं, तुझी तार उतरलीय. उतरलेली नव्हती, तर हा त्या माणसाशी वर्षभर बोलला नाही. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघायचा अवकाश, की याचं सुरू, "ताई, हळू." जेवताना हळू, फोनवर हळू, पाहुण्यांसमोर तर दहादा हळू. अलीकडे मात्र त्याने ते सोडलं होतं. मला वाटलं, चला, एक तर हा शहाणा झाला, नाहीतर माझाच आवाज मऊ झाला.

पुढच्या खोलीत तो मुलांना गिटार शिकवतो. आम्हा दोघांचं घर त्यावर आणि माझ्या कामावर चालतं. गेल्या वर्षी त्याने जाहीर केलं की आपली जुनी गिटार मेली. तारा बदलल्या, पुन्हा बदलल्या, शेवटी वैतागून ती एका विद्यार्थिनीला देऊन टाकली. ती मुलगी आमच्याच खिडकीत बसून वाजवायची तेव्हा मला तर बरं वाटायचं ऐकायला. पण मी बोलले नाही. गाढवाला गुळाची चव काय!

मग त्याने नवी आणली. पहिल्या दिवशी तिला इतकी पुसली की मी म्हटलं, आता आंघोळ घाल. वाजवायला लागला आणि थांबला. लाकडाला कान लावला. पुन्हा वाजवली. म्हणाला, बारीक तारा बोलतच नाहीत, कोणी उशीत तोंड खुपसून बोलावं तसं येतंय. आठवडाभर त्याचं तोंड उतरलेलं. त्यात दोन मुलांच्या आयांनी शिकवणी बंद केली. सर हल्ली तारा चुकीच्या लावून देतात म्हणे. रविवारी तो म्हणाला की धड वाद्य नसेल तर मुलांना चुकीचं शिकवण्यापेक्षा क्लासच बंद करतो. मी म्हटलं, तू कशाला बंद करतोस, त्या दुकानदाराचंच दुकान बंद करू. लगेच चपला घातल्या, आणि त्याला गिटारीसकट घेऊन निघाले.

दुकान अरुंद होतं. भिंतीवर गिटारी माना वर करून टांगलेल्या, पॉलिशचा वास. चष्मा कपाळावर ठेवलेला दुकानदार आतल्या बाजूला काहीतरी चिकटवत बसला होता. मी सुरुवातच वरच्या पट्टीत केली. फसवणूक, जुना माल, लोकांच्या पोटावर पाय, सगळं सांगून झालं. तो शांतपणे ऐकत राहिला, मग गिटार घेतली, खुंट्या पिळल्या आणि वाजवली.

मला त्यातलं काही कळत नाही. तरी सांगते, बारीक तारा काचेच्या पेल्यावर चमचा वाजावा तशा खणखणीत वाजल्या. रस्त्यावरून जाणारं एक माणूस थांबलं. भाऊ मान हलवत म्हणाला, "बघा, ऐकलंत ना? मेलेली आहे."

मला वाटलं, त्याला कळतं ते मला कसं कळणार. मी आणखी तोंड सोडलं. दुकानदाराने दुसरी काढून दिली, मग तिसरी. शेवटी कपाटाला कुलूप होतं ते उघडून सगळ्यात भारीतली दिली. भावाने प्रत्येक वाजवली, प्रत्येकीला कान लावला. सगळ्या तशाच म्हणे, बसक्या. दुकानदार कंटाळला. भारीतली परत कपाटात ठेवताना आमच्याकडे पाठ करून पुटपुटला, "नाचता येईना, अंगण वाकडं."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आता दोघं मिळून याला सोलू म्हणून मी भावाकडे पाहिलं. एका तारेवरून वर्षभर अबोला धरणारा माणूस! तो माझ्याइतकाच जवळ उभा होता, आणि चेहरा शांत. नव्या गिटारीच्या कडेवरून बोट फिरवत वाट बघत होता. दुकानदार वळला तेव्हा भावाने त्याच्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे पाहिलं. ती नजर मला चांगली माहीत आहे. आमची अख्खी शेड तसंच बघते.

"काय म्हणालात?" भावाने अगदी नम्रपणे विचारलं.

त्याला ऐकूच आलं नव्हतं. वर्षभर दारावर आलेल्या माणसांना त्याच्या आधी मीच उत्तरं देत होते, फोन मीच उचलत होते, आणि मला वाटायचं मी आगाऊ आहे म्हणून. कान जायचेच होते तर मागांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माझे जायचे होते. मी काय करणार होते त्यांचं?

दुकानदाराने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नुसती मान हलवली. त्याला समजलं. जवळ येऊन, भावाच्या समोर उभं राहून, सावकाश म्हणाला की तुमचं बरोबर आहे, माल खराब निघाला, परत घेतो. पावतीसुद्धा मागितली नाही. इतकी सहज कुठलीच वस्तू मी आजवर परत केली नव्हती, आणि आज पहिल्यांदा वाटत होतं की या माणसाने नाही म्हणावं, भांडावं, हाकलून द्यावं.

दारातून निघताना भाऊ मागे वळला. दुकानदार ती खराब गिटार फडक्याने पुसून पुन्हा पुढच्या ओळीत टांगत होता, विकायच्या गिटारींमध्ये. भाऊ तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी त्याला हात धरून बाहेर आणलं.

बसमध्ये तो खिडकीशी बसला. नेहमी गिटार दोन पायांत धरून बसायची सवय, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. दोन थांबे गेले. मग बाहेर बघतच म्हणाला, "ताई, तुला ती ऐकू येत होती? खरं सांग."

खोटं बोलणं सोपं होतं. मला काय कळतं त्यातलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हा कसलीतरी शेवटची आशा धरून दुसऱ्या दुकानात गेला असता, मग तिसऱ्या. मी म्हटलं, "येत होती." पण ते कसंबसं निघालं, माझं मलाही नीट ऐकू आलं नाही.

तो माझ्याकडे वळला. "मोठ्याने बोल ना, ताई."

जन्मभर ज्याने मला हळू म्हटलं, तो हे म्हणाला. आणि माझा घसा बंद. मुकादमाला घाबरवणारा आवाज गेला कुठे कोण जाणे. शेवटी मी त्याच्याकडे तोंड केलं आणि शेडमध्ये बोलतो तसे नुसते ओठ हलवले. ऐकू येत होती. छान वाजत होती.

त्याने ते सगळं वाचलं. मान हलवली, आणि माझा हात हातात घेतला. तेव्हा कुठे माझा घसा सुटला. मी रडले, चांगली मोठ्याने, आडपडदा न ठेवता. पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. भाऊ माझा हात धरून बसला होता. त्याने हळू म्हटलं नाही.