गुरुवारची ताटली

म्हातारा सलग तिसऱ्या दिवशी बेटावरच्या कासव-केंद्रात आला, तेव्हा तिथं कासवांची देखभाल करणाऱ्या सोइलाच्या मनातली शंकेची पाल नुसती चुकचुकून थांबली नाही, चांगली ठाण मांडून बसली.

प्रवासी एकदाच येतात. कासवांबरोबर फोटो काढतात, "किती हळू चालतं हे!" म्हणून खिदळतात आणि अर्ध्या तासात समुद्रावर पळतात. या म्हाताऱ्यानं मात्र परवा विचारलं होतं, कासवांना खायला कधी घालता? काल विचारलं, फाटक किती वाजता लावता? आणि छातीशी ती कापडी पिशवी, तान्हं मूल धरल्यासारखी.

दोन वर्षांपूर्वी याच केंद्रातली तीन पिल्लं एका पाहुण्याच्या बॅगेत सापडली होती, मोज्यांत गुंडाळलेली. दोन मेलेली होती. तो पाहुणाही असाच गोड बोलायचा, आणि मूर्खासारखं त्याला लिंबाचं सरबत सोइलानंच दिलं होतं. ते तिला अजून खात होतं. पुन्हा एक जरी पिल्लू गेलं तर आपण या फाटकातून आत यायचं नाही, हे तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

"अगं, सत्तरी उलटलीय त्याची," तिच्याबरोबर काम करणारा विल्मेर खराटा टेकवून म्हणाला. "पिल्लू पळवायचं तर आधी खाली वाकता यायला नको का?"

"तू झाडून घे. मी बघते."

म्हातारा पिल्लांकडे फिरकलाच नाही. तो थेट मागे गेला, जुन्या थोराड नरांच्या कुंपणाशी. तिथे उभं राहून त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीत हात घातला.

"हात बाहेर काढा!" सोइला धावलीच. "उघडा ती पिशवी."

"बाई, यात तुमचं काही नाही हो."

"माझं काय आहे नि काय नाही, ते मी बघते."

तिनं पिशवी ओढूनच घेतली. आत टवके उडालेली एक पांढरी ताटली होती आणि एक चमचा. बस्स.

"प्रवाशांनी खायला घालायला बंदी आहे. पाटी दिसली नाही वाटतं?"

"खायला आहेच काय माझ्याकडे?" म्हाताऱ्यानं ताटली परत घेतली आणि चमच्यानं तीनदा वाजवली.

त्या दिवशी गुरुवार होता. कासवांचं खाणं सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. इतर दिवशी आभाळ कोसळलं तरी ती जागची हलत नाहीत. पण पलीकडच्या सावलीत बसलेल्या एका नरानं मान वर काढली. त्याला सगळे 'दगड' म्हणत. वीस वर्षांत तो सोइलाच्या हाकेला एकदाही आला नव्हता.

"कॅप्टन," म्हातारा पुटपुटला. "तिकडे ग्वायाकिल शहरात आमच्या अंगणात होता हा. खायला बोलावताना आई अशीच ताटली वाजवायची. आम्ही त्याला इथे पाठवला, त्याला साठ वर्षं झाली."

दगडाच्या पाठीवरच्या कवचाला, मागच्या कडेला, बोट जाईल एवढं भोक होतं. त्याची पाठ घासताना सोइला दर वेळी ते पाडणाऱ्याचा उद्धार करायची.

"आणि भोक? ते कुणी पाडलं?"

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "मी. नऊ वर्षांचा होतो. शेजाऱ्यांची झाडं खायचा तो. वडील म्हणाले, बांधून घाल. दोरीसाठी गिरमिटानं पाडलं. दोन दिवस त्यानं डोकं बाहेर काढलं नाही, बाई. उद्या पहाटेच्या बोटीनं मी निघालोय, आता पुन्हा येणं नाही. खाण्याचा वार नसताना, नुसत्या ताटलीच्या आवाजावर तो माझ्याजवळ येतो का, एवढंच बघायचं होतं."

चोर नसला तरी कासवाचा गुन्हेगार होताच तो; म्हणजे तिचा संशय अगदीच खोटा नव्हता. सोइलाला भयंकर राग आला, इतकी वर्षं साठवलेला. पण बोलायचं कसं? दगड उठून चालायला लागला होता.

त्या वीस पावलांना पाव तास लागला. विल्मेरही खराटा टाकून बघायला आला. दगड कुंपणाशी आला, त्यानं मान लांब केली आणि रिकाम्या ताटलीला तोंड लावलं. म्हाताऱ्याच्या हातातला चमचा गळून पडला.

"काही आणलं नाही रे तुझ्यासाठी," तो म्हणाला. "बंदी आहे."

सोइला गर्रकन वळून निघून गेली. साहेबांनाच आणते आता ही, असं विल्मेरला वाटलं. पण ती परतली ती हातात अळूची दोन मोठी पानं घेऊन, शुक्रवारच्या वाट्यातली. तिनं ती ताटलीत ठेवली.

"घालतेय मी," ती म्हाताऱ्यावर डाफरली. "तुम्ही नुसती ताटली धरा."