दीपगृहातल्या दोघी

शरयूनं ओठांत पिना धरल्या होत्या आणि धाकट्या महालक्ष्मीच्या निऱ्या काही केल्या बसत नव्हत्या. मुखवट्याखालच्या लोखंडी कोठीवरून साडी दरवर्षी अशीच घसरायची.

"नंदा, धर ना जरा कोठी."

"धरूनच तर राहिली, वहिनी."

नणंदेचा एक हात कोठीवर होता, पण डोळे तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलवर. त्यावर तिचं ते जपानी कार्टून चालू होतं. दहा भागांचं. शरयूनं ते गेल्या आठवड्यात तुकड्यातुकड्यांनी पाहिलं होतं, अंजनीला भरवताना, कपड्यांच्या घड्या घालताना. एक बर्फाळ बेट, त्यावर एक दीपगृह, आणि रोज संध्याकाळी दिवा लावणाऱ्या दोन बाया. एक उंच, एक बुटकी. दोघींत मिळून एकच कोट, जी बाहेर जाईल तिनं घालायचा. दोघी एकमेकींच्या कोण, ते कुणीच सांगत नव्हतं.

चार वर्षांची अंजनी पाटावर चढून बसली होती. तिनं एकदा मोबाइलकडं पाहिलं, एकदा समोरच्या दोन कोठ्यांकडं.

"आई, महालक्ष्म्या! इनके बच्चे कहाँ हैं?" गल्लीतल्या पोरांची हिंदी तिच्या तोंडी बसली होती.

महालक्ष्म्यांची दोन बाळं अजून पेटीतच होती. नंदा हसली. "बच्चे नाहीत गं यांना. दिवा आहे."

स्वयंपाकघरातून विळीचा आवाज येत होता. सासूबाई, अनसूयाबाई, उद्याच्या सोळा भाज्या चिरत बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ते जपान बंद करा आता. मुखवटे मांडायचे आहेत. अन् नंदे, भय्यासाहेबांचा फोन येऊन गेला. अमरावतीवाल्यांना उद्या संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे. मी म्हटलं, दुपारची जेवणं होऊ द्या, मग होकार कळवते."

भय्यासाहेब म्हणजे त्यांचे नागपूरचे भाऊ. स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलगा चांगला होता, महिन्यापूर्वी येऊन पाहून गेला होता, नकार द्यावा असं त्याच्यात काही नव्हतं. नंदानं मोबाइलचा आवाज थोडा वाढवला.

शेवटचा भाग होता. बेटावर नाव आली. उंच बाईनं कोट घातला आणि ती खाली उतरून गेली. मग नुसती खिडकी दिसली. खिडकीत दोन कप. दोन्हींतून वाफ निघत होती. संपलं.

शरयूचे डोळे एकदम भरून आले. लग्नानंतर ती वर्ध्याहून निघाली तेव्हा धाकटी बहीण फाटकात उभी होती. रडली नव्हती, फाटकाची कडी नुसती वर-खाली करत होती. शरयूनं अंजनीला ओढून जवळ घेतलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता.

नंदा पडद्याकडं पाहतच नव्हती. ती वहिनीकडं पाहत होती.

"कोण आहेत त्या, वहिनी?"

"बहिणी. मोठीचं लग्न झालं, ती गेली. धाकटी अजून तिचा चहा भरून ठेवते." शरयूनं पदरानं नाक पुसलं. "तू काहून अशी पाहून राहिली?"

"मला वाटलं, तुम्हाला समजलं."

"काय समजलं?"

"काही नाही. आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं चालू आहेत. कोणी म्हणते मायलेकी आहेत. कोणी म्हणते, दुसरी आहेच नाही, पहिलीच्या मनातली आहे. एक मुलगा आहे, त्याचा भाऊ कोविडमध्ये गेला. तो म्हणते, जी गेली ती मेली, अन् त्याला कोणी काही बोलत नाही."

"अन् तू काय म्हणते?"

नंदानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. "मी म्हणते, ती गेलीच नाही. नाव रिकामी परत गेली." मग कोठीवरचा हात न काढता, आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला अमरावती नको, वहिनी. मला इंदूसोबत राहायचं आहे. मैत्रीण म्हणून नाही."

शरयूनं उरलेली पिन ओठांतून काढली आणि निऱ्यांना लावली. पिन बरोबर बसली. इंदू नंदाच्याच शाळेत शिकवायची. तीन वर्षांपासून घरी येत होती. शहरातल्याच राइट टाउनहून स्कूटरवर यायची, गॅसचा रेग्युलेटर बसवून द्यायची, अंजनीच्या बुटांची नाडी बांधून द्यायची. मुलगी किती कामाची, एवढंच शरयूच्या मनात आलं होतं आजवर.

"आईंना आज नको सांगू," ती म्हणाली. "सण होऊ दे."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं, हे अगदी सासूबाईंसारखं झालं. विळीचा आवाज थांबलेला होता. कधी थांबला, ते मात्र आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूयाबाई आंबील ढवळत होत्या. नंदा पुरण वाटत होती.

"नंदे, त्या दिवेवाल्या बायांचं पुढं काय झालं?"

नंदाचा हात थांबला. "दाखवलंच नाही, आई."

"काहून? एवढे भाग काढले अन् शेवट नाही?"

"ज्यानं त्यानं आपापला समजायचा."

"हे बरं आहे बाप्पा. पैसे त्यांनी कमवायचे अन् डोकं आम्ही चालवायचं." त्यांनी पळी कढईच्या काठावर आपटली. "समोरच्या पोरीला ताप आहे. तिची आई सांगून गेली. कुमारिका म्हणून इंदूला बोलाव जेवायला."

महालक्ष्म्यांच्या जेवणाला सवाष्णीसोबत कुमारिका लागायची. दरवर्षी ती सहा-सात वर्षांची असायची. इंदू सव्वीस वर्षांची होती.

"एवढी मोठी, आई?" शरयू म्हणाली.

"लग्न झालं का तिचं?"

"नाही."

"मग?"

आतल्या खोलीत नंदानं शरयूचं मनगट पकडलं. तिच्या बोटांना पुरण लागलेलं होतं. "आईला समजलं, वहिनी."

"पोरीला ताप आहे म्हणून बोलावलं गं. आता अंजनी घरची, तिला कसं बसवणार? तू उगाच भलतं काही काढू नको त्यातून."

"तुम्ही तर त्यांना बहिणी म्हणत होत्या," नंदा म्हणाली.

दुपारी इंदू आली. खळ दिलेली सुती साडी, हातात हेल्मेट, ते कुठं ठेवावं या विचारात. अनसूयाबाईंनी ते घेऊन खुर्चीवर ठेवलं आणि तिला पाटावर उभं केलं. पाय धुवायला त्या वाकल्या तशी इंदूनं पाय मागं घेतले.

"काकू, नको. मला कसंतरी वाटते."

"चुपचाप उभी राह. आज तू देवी आहे, तुझं ऐकायचं नसते."

नंदा हसली, आणि लगेच तोंड फिरवून उगाच समईची वात सारत बसली.

सवाष्ण म्हणून राधाबाई आल्या होत्या. कुमारिकेचा पाट नेहमी सवाष्णीच्या शेजारी असायचा. अनसूयाबाईंनी तो उचलून नंदाच्या शेजारी मांडला. पंखा तिकडं होता. इंदूला घाम येत होता, तेही खरं. शरयूनं नंदा-इंदू दोघींच्या कपाळाला कुंकू लावलं. दुसरं बोट जरा तिरपं गेलं, ते तिनं पुसून पुन्हा नीट लावलं.

वाढणं सुरू झालं. सोळा भाज्या, कढी, आंबील, पुरणपोळी. अंजनी इंदूच्या मांडीवर जाऊन बसली होती आणि तिच्याच पानातली भजी उचलून खात होती. तिला कुणी ओरडलं नाही.

फडताळावरचा फोन वाजला. नंदाचा घास हातातच राहिला. इंदू पानाकडं पाहत होती. अनसूयाबाईंनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि फोन कानाला लावला.

"हो, भय्या... नाही, आत्ता नाही. जेवून राहिली मी, हात खरकटा आहे... संध्याकाळी पण नको. तू त्यांना सांग, आमच्यासाठी थांबू नका... अरे, तू सांग तर. मी बोलते मागाहून."

त्यांनी फोन उलटा करून ठेवला.

शरयूनं पाहिलं. भिंतीशी सासूबाईंचं ताट अजून पालथंच होतं.

"शरयू," त्या म्हणाल्या, "तूप आण ना. पोळी थंड झाली की मग ते विरघळत नाही."