गरम भरलेले गहू

शिवणवालीने पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला, चमच्याच्या दांड्याने झाकण उचकटलं आणि दोन पावलं मागे सरकली. वास सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. आत गहू होते. निदान चार महिन्यांपूर्वी तरी ते गहूच होते. आता हिरवट बुरशीखाली एकमेकांना चिकटलेले नुसते गोळे दिसत होते.

“असेच तीन डबे झालेत,” ती म्हणाली. “वर्षाची बेगमी केली होती मी.”

साठवणीचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी रुमाल नाकाला लावला आणि चौकशी सुरू केली. चौकशी अशी, की एखाद्या फौजदाराने कान पकडावेत.

“किती उन्हं दिलीस?”

“चार. कडक. दाणा दाताखाली कटकन तुटत होता.”

“डबा ओला असेल.”

“धुऊन आठवडाभर वाळवला होता.”

“मधे उघडून बघितलंस?”

“नाही हो. तुम्हीच सांगितलं होतं ना, उघडायचं नाही म्हणून.”

“मग पत्र्यालाच कुठेतरी भोक असणार,” बाई म्हणाल्या. “बारीक असतं, दिसत नाही. नाहीतर झाकण लावताना हयगय झाली असेल तुझ्याकडून.”

शिवणवालीने मान हलवली. तिची बोटं झाकणाची कड चाचपत होती, भोक सापडतंय का ते बघत.

“असेल. माझंच काहीतरी चुकलं. सासूबाई म्हणतातच, मशीन चालवणं वेगळं आणि घर चालवणं वेगळं.” ती हसायला गेली, पण ते काही तिला जमलं नाही. “पुढच्या आठवड्यापासून मी येत नाही बाई. शिकून उजेड पाडला तेवढा पुरे.”

एरवी या वर्गात एक बाई शिंकली तरी अकरा जणी औषध सांगायच्या. आज कुणी ब्र काढला नाही. बेकरीवाली पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती. शिवणवालीने डबा काखोटीला मारला आणि ती निघाली. “अगं, थांब” एवढं म्हणायला काय लागतं? बाईंना तेही म्हणता आलं नाही.

कारण बाईंना ठाऊक होतं. पत्र्याला भोक नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी याच टेबलावर त्यांनी गहू भरून दाखवले होते. अंगणातल्या उन्हातून गहू तसेच आत आणलेले, हाताला चटका बसेल इतके तापलेले. सभागृहाची किल्ली परत करायची घाई, त्यात महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई फोटोसाठी ताटकळत उभ्या. तेवढ्यात ह्याच शिवणवालीने विचारलं होतं, “बाई, गरमच भरायचे का?” बाईंना ते माहीत नव्हतं. घरी त्या ऊन द्यायच्या, निवडायच्या. डबे भरण्याचं काम थोरल्या जावेचं. पण अध्यक्षीणबाईंसमोर “माहीत नाही” म्हणायचं? छे! “गरमच भरायचे,” त्यांनी ठणकावून सांगितलं. “त्या उष्णतेनेच किडे मरतात.” बारा जणींनी लिहून घेतलं आणि फोटो झकास आला.

संध्याकाळी घरी ही हकीकत त्या रंगवून सांगत होत्या, तर जाऊबाईंनी कपाळावर हात मारला.

“अगं बाई! गरम भरलेस? रात्रभर सावलीत पसरून ठेवायचे असतात. गरम दाण्यावर झाकण लावलं की आतून घाम धरतो डबा. महिनाभरात बुरशी.”

“पुढच्या वर्गात सांगते,” बाई म्हणाल्या होत्या.

पुढच्या वर्गात विषय मुरंब्याचा होता. त्याच्या पुढच्या वर्गाला अध्यक्षीणबाई येऊन बसल्या. जाऊबाईंनी एकदा विचारलं, “सांगितलंस का गं?” तेव्हा बाई “बघते, बघते” करत भांडी आवरायला गेल्या. जाऊबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही, आणि त्या विसरल्या असं बाई सोयीस्करपणे धरून चालल्या.

आज वर्गातून घरी आल्यावर बाईंनी तीनदा हात धुतले, तरी वास जाईना. जाऊबाई मटार सोलत बसल्या होत्या.

“लवकर आलीस?”

“हो.”

“तोंड का उतरलंय?”

“कुठे काय?”

बाई कोठीत गेल्या. एका मोठ्या पिशवीत घरचे गहू भरले आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. गहू द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचा, वर्गात परत ये म्हणायचं; बाकीचं बोलायची गरजच पडणार नाही. रस्ताभर हेच त्या मनात घोळवत होत्या. पिशवी या हातातून त्या हातात करताना त्यांना आपला बेत फार चांगला वाटत होता.

जिना चढून त्या पोचल्या, तेव्हा शिवणवाली दाराजवळ मशीनवर बसली होती. कुणाच्या तरी गणवेशाची बाही चालू होती. आतल्या खोलीतून सासूबाईंचा खोकला ऐकू येत होता. बाईंनी पिशवी उंबऱ्यात ठेवली. तिने पिशवीकडे पाहिलं, पण पाय मशीनच्या पॅडलवरून काढला नाही.

“हे कशाबद्दल, बाई?”

“असंच गं. आमच्याकडे जास्तीचे आहेत.”

“असंच कोण देतं?”

मशीन थांबलं. बाईंना हातांचं काय करावं ते कळेना. त्यांनी पिशवीचा बंदच घट्ट बांधला, सोडला, पुन्हा बांधला.

“तुझं काही चुकलं नाही,” त्या शेवटी म्हणाल्या. “गरम भरा म्हणून मीच सांगितलं. ते चूक होतं. त्याच दिवशी संध्याकाळी मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही. आज तर तुलाच उलटसुलट विचारत बसले. लाज वाटते गं मला.”

शिवणवालीने सुईखालून बाही काढली, दोरा दाताने तोडला.

“मला कळलं मघाशी. बेकरीवाली आली होती मागोमाग. रडत होती.”

“तिला कसं माहीत?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. तुमच्या जाऊबाई हिंडल्या ना तेव्हा घरोघरी, दुखरा गुडघा धरून. ‘आमच्या बाईंची सांगताना गडबड झाली, डबे उघडा आणि गहू गार करून भरा.’ अकरा घरं केली त्यांनी. माझ्या घराला कुलूप होतं. मी गावाला गेले होते आईकडे. पुन्हा येते म्हणाल्या होत्या शेजारणीला, पण मग त्यांना जिना चढवेना. बेकरीवालीकडे निरोप दिला, तो ती विसरली.”

बाई उंबऱ्यातच खाली बसल्या. अकरा घरं. म्हणजे अकरा जणींच्या कोठीत गहू शाबूत होते आणि चार महिने त्या वर्गात समोर बसून “हो बाई, बरं बाई” करत होत्या. आज हयगय, भोक, ओला डबा चाललं होतं, तेव्हाही.

“मग कुणी बोललं कसं नाही?” त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना उत्तर कळलं.

“तुम्ही बोलाल म्हणून,” शिवणवाली म्हणाली.

आतून सासूबाईंनी हाक मारली, “कोण आलंय गं?”

“वर्गातल्या बाई आहेत!”

“त्यांना सांग, गहू कसे भरायचे ते हिला एकदा नीट शिकवा म्हणावं!”

शिवणवाली बाईंकडे नुसती बघत राहिली. बाईंना तिथे बसवेना. त्या उठल्या, चपला दारातच काढल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारख्या, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. फोटोसुद्धा सांगितला.

म्हातारीने ऐकून घेतलं. मग हाताने खूण करून खाली वाकायला लावलं आणि हळूच म्हणाली, “तिला नका सांगू हं. मलाही ठाऊक नव्हतं, गार करून भरतात ते. माझे डबे दरवर्षी माझ्या नणंदेने भरलेले.”

बाहेर मशीन अजून सुरू झालं नव्हतं.