शोभा आणि सजावट

“डेकोरेट असंच लिही बाई, त्या शब्दावरच आपलं घर चाललंय,” डेकोरेटर सुनेला म्हणाले.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स. त्या दिवशी ती निवृत्त होणार होती. निरोपाचा हॉल सजवायचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं आणि भाषणही. मोठे डॉक्टर येणार, म्हणून भाषण इंग्रजीत. ते लिहून देणारी सून शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने लिहिलं होतं, सिस्टरनी हा वॉर्ड ‘अ‍ॅडॉर्न’ केला.

डेकोरेटरना ते पटेना. सुनेने समजावलं, की डेकोरेट म्हणजे बाहेरून आणून लावणं. हॉलला पडदे, केकला फुलं. अ‍ॅडॉर्न म्हणजे शोभा आणणं. माणसाच्या नुसत्या असण्यानेही ती येते.

“नुसत्या असण्याचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं?” असं विचारून त्यांनी वर सुनावलं, की असला अवघड शब्द बोलायला जाईन आणि माझीच शोभा व्हायची.

झालंही तसंच. सुनेने कागदावरचा शब्द बदलला नव्हता, पण माइकसमोर जीभ सवयीच्या शब्दावर घसरली. सिस्टरनी वॉर्ड डेकोरेट केला, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मागे बसलेल्या वॉर्डातल्या आया खुसखुसल्या, मग अख्खा हॉल हसला. या बाईने वॉर्डात कधी साधं कॅलेंडर टांगू दिलं नव्हतं. फुलं घेऊन आलेल्या नातेवाइकांना ती फुलांसकट बाहेर काढायची. आता तीही रुमालात तोंड खुपसून हसत होती.

डेकोरेटरनी कागद खिशात कोंबला आणि ते सरळ मराठीत बोलले.

“चुकलो. माझी सजावट एका रात्रीची. सकाळी उतरवली की भिंत पहिल्यासारखी. हिने काही लावलंच नाही, तर उतरवणार काय? ही रजेवर असली की वॉर्ड कसा दिसायचा, ते या आयांना विचारा.”

हसणं थांबलं. खाली येऊन ते सुनेला हळूच म्हणाले, की शब्द तुझाच बरोबर, फक्त माझ्या जिभेला बसत नाही.

दुसऱ्या दिवशी ते पडदे काढायला निघाले, तर बायको ड्यूटीच्या वेळेला तयार होऊन दारात उभी. त्यांनी टेम्पोत शेजारी जागा करून दिली.

हॉलमध्ये ते शिडीवर चढले. तिने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. वरून त्यांनी तिच्याकडे बघितलं, तशी ती मान वळवून, डोळे खांद्याला पुसत, पेशंटला सुई टोचताना म्हणायची त्याच आवाजात म्हणाली, “इकडे बघू नका. झालंच आता.”