पिवळी वायर

“ही बरी, की आधीची?” टीव्हीच्या मागून डोकं बाहेर काढत, नाकावरचा चष्मा सावरत तिनं विचारलं.

चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. हा प्रश्न दिवसातून पन्नासदा. जे स्पष्ट दिसेल ते गिऱ्हाइकाला द्यायचं, की झालं. पण आज खुर्चीत सख्खा थोरला भाऊ होता, आणि त्याचे डोळे कुठल्याही काचेच्या पलीकडे गेले होते. नजरेच्या मधोमध डाग, कडेकडेनं काय तो उजेड.

“गेममधला माणूस कुठे संपतो न् जमीन कुठे सुरू होते, कळत नाही. देऊन टाक तो गेम कुणाला तरी,” गेल्या रविवारी तो म्हणाला, ते तिला लागलं होतं. टीव्हीला जोडून गेम खेळायच्या त्या जुनाट डब्यावर दोघं तीस वर्षं दर रविवारी खेळत-भांडत आली होती. डबाच गेला, तर दादा दोन बस बदलून येणार तरी कशाला?

म्हणून ही नवी, महागाची वायर. “चित्र कोरल्यासारखं दिसेल, ताई,” दुकानदार म्हणाला होता. दिसतही होतं. गेममधल्या झाडांचं पानन् पान मोजून घ्यावं.

दादानं मान तिरकी केली. “चिमे, धबधबा कुठाय?”

“समोरच आहे की.”

“हा? अगं, हे पाणी की तुरुंग?”

तिनं वाकून पाहिलं. खरंच, नुसते उभे गज; एक निळा, एक रिकामा. गेमवाल्यांनी पाणी रेघांनीच काढलेलं. जुन्या पिवळ्या वायरीच्या धूसर चित्रात त्या एकमेकींत मिसळायच्या आणि वाहू लागायच्या.

“पिवळीच लाव बाई.”

“अरे, पण पिवळीत तुला माणूस दिसत नाही ना!”

“माणूस कुठे असतो ते मला पाठ आहे. पाणी तेवढं पाणी दिसू दे.”

“असले पेशंट आले तर मालक मला घरी बसवतील,” बडबडत तिनं पिवळी वायर खुपसली. धबधबा वाहायला लागला.

दादानं क्षणभर तो पाहिला आणि चक्क डोळे मिटले. “एक, दोन, तीन... उडी.” त्याचा माणूस पाण्याआड गेला.

“पोचलो का गं?”

“पोचलास. नेहमीसारखा मला मागे टाकून.”

“मग ये मागोमाग. मी मोजतो.”

नवी वायर तिनं नीट गुंडाळून खोक्यात ठेवली. मग चष्मा काढून त्या खोक्यावर ठेवला, गेमचा दुसरा रिमोट हातात घेतला आणि ‘तीन’ची वाट पाहू लागली.